नामं झाली, क्रियापदं राहिली

ब्रनोहून आलेल्या माणसाने सगळ्यात आधी अपोलेना ओर्सागोवाचे दात पाहिले. ही १९७३च्या ऑगस्टमधली गोष्ट. ओट्मार झापलेताल, वय छत्तीस, एका भाषाविषयक कचेरीत नोकरीला होता. देशातल्या चेक बोलींचा नकाशा करण्याचं काम तिथे चालू होतं आणि त्यासाठी यासेनुव्का गावातून त्याला एक तोंड हवं होतं. कचेरीच्या अटी ठरलेल्या होत्या. माणूस गावात जन्मलेला हवा, त्याचे आईवडीलही गावचेच हवेत. सगळं मिळून सहा महिन्यांहून जास्त काळ त्याने बाहेर काढलेला नसावा. वय पंचावन्नच्या पुढे. आणि दात शाबूत, कारण दात गेले की उच्चार घसरतात.

गावच्या समितीच्या अध्यक्षाने यादी काढली आणि एकेक नाव खोडत गेला. एक जण अकरा वर्षं ओस्त्रावाच्या खाणीत होता. एक तोतरा होता. एकीची कवळी होती, आणि ती बोलताना टकटक वाजायची. शेवटी उरली अपोलेना. सत्तावन्न वर्षांची विधवा, सहकारी गोठ्यात दूध काढणारी. नवरा १९५८ साली पाडलेल्या देवदाराखाली सापडून गेला होता. एकुलती मुलगी लग्न करून ओस्त्रावाला होती. संत अपोलेना ही दातांची राखणदार, तेव्हा हिला कवळी लागायचा प्रश्नच नाही, असं म्हणून अध्यक्षाने पाहुण्याला तिच्या घरची वाट दाखवली.

तिच्या तोंडाची इतकी चौकशी त्याआधी एकदाच झाली होती, ती शाळेत. प्रत्येक चेक मुलाला नामांची घराणी पाठ करावी लागतात, तशी तिनेही केली होती. घराण्यामागे एक नमुना शब्द: बाई, गुलाब, गाणं, हाड, शहर, समुद्र, पिल्लू, इमारत. नमुना सातही विभक्त्यांत म्हणायचा आणि बाकीचे शब्द त्याच्या मागे चालवायचे. अपोलेनाचे नमुने बिनचूक असत. पण नमुना सोडून ती स्वतःचं काही सांगायला लागली की शब्दांना घरची शेपटी फुटायची. शिक्षक पश्चिमेकडचा, प्रागजवळचा होता. तो बोटांवर पट्टी मारायचा आणि मारताना ती आडवी न धरता उभी धरायचा. साठ वर्षांनी ही गोष्ट सांगतानाही ती पट्टी कशी धरली होती ते हाताने करून दाखवी.

म्हणून १९४० साली मुलगी झाली तेव्हा तिने मनाशी एक ठरवलं. बोहुमिलाशी घरात फक्त शाळेची भाषा बोलायची. कुंपणावर शेजारणीशी एक बोली, चुलीपाशी पोरीशी दुसरी, असं ती एकोणीस वर्षं न चुकता बोलली. बोहुमिलाच्या बोटांना कधी पट्टी लागली नाही. बोहुमिला आता सत्तरीच्या पुढे आहे. ती सांगते की आईचं खरं बोलणं तिने खिडकीतून ऐकलं, ते नेहमी दुसऱ्या कुणाशी तरी चाललेलं असे.

"लहान होते तेव्हा मला वाटायचं, आईला माझ्यापेक्षा गाय जास्त आवडते," ती म्हणते. "गाईशी हसून बोलायची. माझ्याशी रेडिओसारखी."

झापलेतालशीही अपोलेना पहिल्या दिवशी रेडिओसारखीच बोलली. तो शहरातला, शिकलेला, डॉक्टर पदवीचा. तिने धुतलेला फडका डोक्याला बांधला, खुर्ची पुसून दिली आणि प्रत्येक शब्दाला शाळेची इस्त्री करून उत्तर दिलं. तो दिवसभर ऐकत राहिला. वहीत त्याने एक अक्षर लिहिलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या वेरुना काश्पारकोवाची बकरी कोबीत शिरली. अपोलेनाने बकरीला, बकरीच्या आईला आणि वेरुनाला मिळून जे ऐकवलं ते दोन मिनिटं चाललं. ती वळली तेव्हा पाहुणा खाली मान घालून भराभरा लिहीत होता.

"आता सुरुवात झाली," तो म्हणाला. "माझ्याशी असंच बोलायचं, ओर्सागोवाबाई. मला बकरी समजा."

त्याची काम करायची पद्धत तिने आठवड्याभरात ओळखली आणि पुढे ती कुणालाही समजावून सांगू शकत असे. शब्द कधी विचारायचा नाही. 'याला तुमच्यात काय म्हणतात' असं विचारलं की माणूस सावध होतो आणि खोटं बोलतो. वस्तू दाखवायची, किंवा तिचं चित्र. हे काय? पाच असले तर? ते हरवलं तर घरात कशाविना अडेल? चारा कुणाला घालायचा? कुणाशी भांडलीस, कुणाबद्दल कुजबुजलीस? असं फिरवून फिरवून एकाच नामाचे एकवचनाचे सात आणि अनेकवचनाचे सात प्रकार काढायचे, आणि बोलणाऱ्याला आपण विभक्ती चालवतोय याचा पत्ता लागू द्यायचा नाही. प्रत्येक रूप वेगळ्या चिठ्ठीवर, पेन्सिलीने.

आलुबुखार सुकवायचे दिवस होते. अपोलेनाची भट्टी घरामागच्या उतारावर आहे: खाली जाळ, वर काठ्यांनी विणलेल्या तट्ट्या, त्यांवर फळं. जाळ चार दिवस सारखा ठेवावा लागतो, त्यामुळे माणसाला तिथून हलता येत नाही. म्हणून दोघं भट्टीशेजारच्या बाकावर बसत. ती बोले, तो लिही, आणि मध्येच उठून तिच्याबरोबर तट्ट्या फिरवी. दुपारी आंबवलेल्या कोबीचं सूप असे. त्याच्या कोटाला धुराचा वास लागला तो ब्रनोला गेल्यावरही गेला नाही, असं त्याने पुढे पत्रात कळवलं.

वेरुना रोज कुंपणाशी येऊन उभी राही.

"काय मागतुया गं त्यो?" तिने तिसऱ्या दिवशी विचारलं.

"गाय."

"इकत घेतुया?"

"न्हाई. सात परकारं इचारतुया."

वेरुनाने यावर विचार केला. मग म्हणाली, की तिच्या नवऱ्याने चाळीस वर्षांत एका प्रकारेही काही विचारलेलं नाही.

अकरा दिवस हे चाललं. नामं, विशेषणं, सर्वनामं, संख्याविशेषणं. तीन हजार एकशे चाळीस चिठ्ठ्या झाल्या. अपोलेना त्या अकरा दिवसांत जितकी बोलली तितकी नवरा गेल्यापासूनच्या पंधरा वर्षांत बोलली नव्हती, असं वेरुनाचं म्हणणं होतं. बोलताना मध्ये कुणी थांबवलं नाही, हसलं नाही, दुरुस्त केलं नाही. उलट एखादं रूप घाईत निसटलं तर तो समोरचा शिकलेला माणूस हात वर करून म्हणे की ते पुन्हा येऊ द्या.

शेवटच्या दिवशी त्याने चिठ्ठ्यांचे गठ्ठे दोऱ्याने बांधले. क्रियापदं पुढच्या वर्षी घेऊ, म्हणाला. त्यांना किमान दोन आठवडे हवेत. आपलं क्रियापद जुळं असतं: एक काम चालू असतानाचं, एक काम उरकल्याचं, त्यात पुन्हा पुरुष, काळ, आज्ञा. या डोंगरातलं खरं धन क्रियापदांतच आहे.

"करनं येगळं आन् उरकनं येगळं," अपोलेना म्हणाली. "त्ये मला कुनी शिकवाया नगं."

निघताना त्याने तिला तीन गोष्टी सांगितल्या. काही तयारी करून ठेवायची नाही, तयार उत्तर त्याच्या उपयोगाचं नसतं. गाव सोडून राहायला जायचं नाही. आणि दात जपायचे. तिसरी गोष्ट सांगताना तो हसला होता. अपोलेना हसली नाही.

पुढच्या ऑगस्टमध्ये तिने गोठ्यातून रजा घेतली, बाकाला नवी फळी बसवली आणि पेअरच्या सारणाचे परातीएवढे दोन फ्रगाल केक भाजले. ते वेरुनाच्या घरी संपले. नव्या वर्षाला तिने ब्रनोच्या पत्त्यावर शुभेच्छांचं कार्ड पाठवलं. फेब्रुवारीत उत्तर आलं: क्रियापदांचं काम पुढे ढकललं आहे, तारीख ठरली की कळवू. धुराच्या वासाची गोष्ट त्याच पत्रात होती. त्यानंतर पत्र आलं नाही.

खरी परिस्थिती अशी होती की त्याच वसंतात कचेरीने खर्च कमी करायला नकाशावरची काही गावं गाळली. चौदा किलोमीटरवरच्या हावरानी गावाची क्रियापदं आधीच घेऊन झाली होती, आणि दोन्हीकडची बोली एकच धरली गेली. झापलेतालला दक्षिणेकडच्या सीमेवर पाठवलं. त्याने आयुष्यात एकेचाळीस गावं केली. यासेनुव्का त्यातलं सतरावं होतं. हे अपोलेनाला कुणी कळवलं नाही. कुणी कळवायचं, हेच ठरलेलं नव्हतं.

म्हणून ती थांबली. ती नुसती वाट पाहत बसली नाही, तिने स्वतःला राखून ठेवलं. रेडिओ उचलून चर्चला देऊन टाकला, कारण रेडिओ कानातून तोंडात उतरतो. घरोघर टीव्ही आले तेव्हा तिने घेतला नाही. वेरुनाकडे मालिका बघायला बायका जमत, तिथे ही दार उघडून फक्त निरोप सांगे आणि परत फिरे. मुलीकडे ओस्त्रावाला गेली तर तीन दिवस राही, चौथा कधीच नाही.

"तुझा डाक्टर आता दात न्हाई, कुबड बघाया यील," वेरुना म्हणे.

"कुबडाची अट न्हाई," अपोलेना सांगे.

१९७६च्या मार्चमध्ये बोहुमिलाला जुळे मुलगे झाले. ती तेव्हा ट्रामच्या आगारात गाड्या सोडायच्या कामावर होती, नवरा लोखंडाच्या कारखान्यात पाळीवर. इस्टरला ती दोन्ही मुलं घेऊन यासेनुव्काला आली ती आईला न्यायलाच. फ्लॅटमध्ये एक खोली रंगवून तयार होती. आईने गोठ्यातली नोकरी सोडावी, पोरांना सांभाळावं, डोंगरातला हिवाळा चुकवावा. अपोलेनाने सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं की येता येणार नाही, अजून क्रियापदं राहिली आहेत.

"कुठली क्रियापदं, आई?"

"सगळीच."

"मग त्या माणसाला ओस्त्रावाला बोलाव. चौथा मजला आहे, लिफ्ट आहे."

"ओस्त्रावाला राहिले तर मी ओस्त्रावाची होईन. मग मी त्याच्या उपयोगाची नाही."

"आणि माझ्या?" बोहुमिलाने विचारलं.

अपोलेना उठली आणि मुलीला न्यायला सुकवलेल्या आलुबुखारांची पिशवी भरू लागली. बोहुमिला सांगते की ती पिशवी तिने परतीच्या गाडीत मुद्दाम विसरली.

पोरांना दुसऱ्या आजीने वाढवलं. उन्हाळ्यात ते महिनाभर यासेनुव्काला येत आणि ओस्त्रावाच्या पद्धतीने स्वर आखूड करून, ट्राम सुटत असल्यासारखं बोलत. अपोलेना त्यांच्याशी शाळेच्या भाषेत बोले. जीव त्यांच्यावर होता, पण त्यांच्याबरोबर फार वेळ बसणं ती टाळत असे. ते ऑगस्टअखेर गेले की तिला घर खायला उठे, आणि त्याच दिवसांत ती भट्टी पेटवी.

१९८१ साली वरचा डावा सुळा ठणकू लागला. तालुक्याच्या दंतवैद्याने काढायचा ठरवला. ती म्हणाली, काढू नका, मला क्रियापदांसाठी हवा आहे. दंतवैद्य तीस वर्षं त्या डोंगरी लोकांचे दात पाहत होता आणि कारणं ऐकत होता. त्याने आणखी काही विचारलं नाही, दात भरून दिला. पुढे दहा वर्षांत मागच्या दोन दाढा गेल्या. अपोलेनाने मनाशी ठरवलं की दाढा मोजत नसतील. दिसतात ते दात मोजत असतील.

या सगळ्यात ती मुलीबद्दल कठोर होती असं गावाचं मत आहे. वेरुनाचं मत निराळं होतं. ती म्हणे, जिच्या तोंडाला जन्मभर कुणी 'चूक' म्हटलं तिला कुणी एकदा 'पुन्हा येऊ द्या' म्हटलं, तर ती दारातून हलेल कशी.

१९९२च्या सप्टेंबरमध्ये बोहुमिला ब्रनोला गेली. आई शहात्तर वर्षांची होती, मागच्या हिवाळ्यात अंगणातल्या बर्फावर पडून मनगट मोडून घेतलं होतं, तरी हलायला तयार नव्हती. बोहुमिलाला कचेरीकडून एवढंच हवं होतं की कुणी येणार आहे की नाही ते एकदा सांगा. पायऱ्या चढताना तिने भांडणाची तयारी केली होती. वर गेल्यावर भांडायला कुणी नव्हतं. चष्मा लावलेली एक शांत बाई चिठ्ठ्यांच्या कपाटांची व्यवस्था पाहत होती. तिने नोंदवही पाहून सगळं सांगितलं: गाव गाळलं कधी, का, हावरानीची क्रियापदं घेतली कुणाकडून. झापलेताल निवृत्त होऊन झ्नोइमोला असतात. कुणी येणार नाही. मग बोहुमिलाचा चेहरा पाहून तिने विचारलं, चिठ्ठ्या बघायच्या आहेत का.

यासेनुव्काचे चार लांबट खोके होते. चौथ्यावर लिहिलं होतं: 'क्रियापदं – घेतली नाहीत.' बोहुमिला पहिला खोका घेऊन बसली. चिठ्ठीच्या वर शब्द, खाली विभक्ती, आणि त्याखाली आई जे वाक्य बोलली ते, जसंच्या तसं. गाय, कोयता, मीठ, सासरा. नमुन्यादाखल चार चाळाव्यात म्हणून ती बसली होती, ती दुपार होईपर्यंत उठली नाही. वाक्यावाक्यात आई ओरडत होती, चिडवत होती, हसत होती. खिडकीतून ऐकलेलं ते बोलणं इथे टेबलावर होतं, आणि ते एका परक्या माणसाशी केलेलं होतं.

'लेक' या शब्दाच्या चौदा चिठ्ठ्या होत्या. दुसऱ्या विभक्तीला, म्हणजे 'कुणाविना' या प्रश्नाला, उत्तर असं होतं: "लेकीबिगर हितं कोन हाय माजं. सांजच्याला भिताडाशी बोलतीया म्या."

बोहुमिलाने ती उतरवून घेतली नाही. ती म्हणते, पाठच झाली होती.

दुसऱ्या दिवशी पहिल्या बसने ती यासेनुव्काला आली. भट्टी चालू होती. आई बाकावर होती, मोडलेलं मनगट मांडीवर ठेवून. बोहुमिलाने येताना दहा वेळा वाक्यं जुळवली होती, पण शेवटी सरळ सांगितलं. गाव एकोणीसशे पंचाहत्तर सालीच गाळलं. कुणी येणार नाही.

अपोलेनाने जाळाकडे बघतच विचारलं, "मग कुणाची घेतली?"

"हावरानीच्या कुणा योझेफ मातोखाची."

"मातोखा," अपोलेना म्हणाली. "तो पाच वर्षं झ्लीनला बुटांच्या कारखान्यात होता."

"ते त्यांना माहीत नव्हतं."

"सांगायचं होतंस."

"तो वारला, आई. क्रियापदं छापायलासुद्धा घेतली."

बोहुमिलाला भीती होती ती रडण्याची, किंवा त्याहून वाईट म्हणजे आई शाळेच्या भाषेत आभार मानेल याची. तसं काही झालं नाही. आई बसून राहिली, जाळ कमी झाला तरी उठली नाही. तेव्हा बोहुमिलानेच कोट काढला, लाकडं सारली आणि वरच्या तट्ट्या उतरवायला लागली. तीस वर्षांत तिने हे काम केलं नव्हतं. पहिली तट्टी तिने जाळाच्या अगदी तोंडाशी ठेवली.

"आगं ए," मागून आवाज आला. "त्या तोंडाशी काय ठिवतीस? करपून कोळसा हुतील की. डोळं ओस्त्रावाला ठिवून आलीस व्हय?"

बोहुमिला तट्टी धरून उभी राहिली. मागे वेरुना नव्हती. वेरुना वारून तीन वर्षं झाली होती. अंगणात त्या दोघींखेरीज कुणी नव्हतं.

"हुबी काय ऱ्हायलीस? सरकव मागं. आजून. हां. आन् हलीव वाईच, चिकाटत्याल न्हाईतर."

तिने तट्टी मागे सरकवली, हलवली. वळून पाहिलं नाही, कारण पाहिलं तर आई सावध होईल आणि इस्त्री केलेलं बोलू लागेल अशी तिला धास्ती वाटली. बावन्न वर्षांची बाई होती ती, दिवसाला दीडशे ट्राम सोडणारी. ती खाली वाकली, दुसरी तट्टी उचलली आणि जाणूनबुजून जाळाच्या तोंडाशी ठेवली.